‘ॲडजस्ट’ कोण करतं?

(शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या मैत्रिणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

दौंडहून सकाळच्या गाडीनं पुण्याला कामाला जाणाऱ्या बऱ्याच जणी इथं बसल्या आहेत, म्हणून गाडीपासूनच सुरुवात करते. पूर्वी आपण तिला शटल म्हणायचो, २०१७ पासून डेमू धावायला लागली, पण गर्दी काही हटली नाही. दौंडला बसायला जागा मिळते. पाटसला बाकं भरतात. मग कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत अशी स्टेशनं येतात आणि प्रत्येक स्टेशनावर बायकांच्या डब्यात एकच वाक्य ऐकू येतं, “ताई, जरा ॲडजस्ट करा ना.” कुणी ‘ॲडजेस’ म्हणतं, कुणी ‘अडजस’. शाळेत इंग्रजीचं पुस्तक उघडलेलं नसलं तरी हा शब्द प्रत्येकीला येतो. खिडकीजवळची आणखी आत सरकते, मधली डबा मांडीवर घेते, कडेची अंग चोरते आणि तिघींच्या बाकावर चौथी टेकते. टेकल्यावर शेंगा निघतात, गप्पा निघतात. हडपसरला कुणी उतरली की उरलेल्या पुन्हा ऐसपैस बसतात.

हे ॲडजस्ट करणं मला आवडतं. त्यात तीन गोष्टी आहेत. एक, सगळ्याच जणी सरकतात. दोन, मागणारी ‘जरा’ म्हणते आणि खरोखर जराच मागते. तीन, स्टेशन येतं, म्हणजे ते कधीतरी संपतं.

आता हीच बाई संध्याकाळी घरी जाते. सासू म्हणते, ॲडजस्ट कर. नवरा म्हणतो, ॲडजस्ट कर. फोन केला तर माहेरची आईसुद्धा म्हणते, बाई, ॲडजस्ट कर. शब्द तोच. पण घरी बाकावरची एकटीच सरकते, बाकीचे जिथल्या तिथं. ‘जरा’ हा शब्द गळून पडलेला असतो. आणि स्टेशन काही येत नाही.

मघाशी चहाच्या आधी आपण फळ्यावर एक खेळ केला. मी विचारलं, हा इंग्रजी शब्द यायच्या आधी तुमच्या आजीनं याला काय म्हटलं असतं? सुरुवातीला कुणी बोलेना. मग एकीनं ‘जुळवून घेणं’ म्हटलं आणि त्यानंतर खडू पुरेना. मिळतंजुळतं घेणं, सांभाळून घेणं, भागवणं, निभावणं, चालवून घेणं, कळ काढणं, नमतं घेणं, पडतं घेणं, मन मारणं, पोटात घालणं, सोसणं. शेवटी मागच्या रांगेतल्या एका आजींनी हळूच सांगितलं, “दिवस काढणं.” ते ऐकून आपण सगळ्या क्षणभर गप्प झालो.

हे शब्द नीट पाहिले तर त्यांचे तीन ढीग होतात.

पहिल्या ढिगात जुळवून घेणं, मिळतंजुळतं घेणं, सांभाळून घेणं. जुळायला दोन बाजू लागतात. एकट्यानं जुळता येत नाही. दुसऱ्या ढिगात भागवणं, निभावणं, कळ काढणं. काहीतरी कमी पडलेलं आहे, पाऊस, पैसा, पीठ, आणि ते येईपर्यंत दम धरायचा आहे. तिसऱ्या ढिगात पडतं घेणं, मन मारणं, पोटात घालणं, सोसणं, दिवस काढणं. इथं कुणाचं तरी नुकसान चाललं आहे आणि ते एकाच माणसाच्या अंगावर पडतं आहे.

आपल्या आज्यांची भाषा हिशेबाला पक्की होती. शब्द ऐकला की कळायचं, कुणाचं किती गेलं. आता या तिन्ही ढिगांना आपण एकाच पोत्यात भरलं आणि पोत्यावर ‘ॲडजस्ट’ अशी चिठ्ठी लावली. त्यामुळे काय झालं? पोरीला उघड उघड ‘मार सोस’ म्हणायची कुठल्याही आईची जीभ उचलत नाही. ‘ॲडजस्ट कर’ म्हणायला जीभ सहज उचलते. सांगणारीला वाटतं, आपण सीटवर जरा सरकायला सांगितलं. ऐकणारीला कळतं, आपल्याला दिवस काढायला सांगितलं आहे. माझी तक्रार इंग्रजी शब्दाशी नाही. तो बिचारा गाडीत चांगलं काम करतो. माझी तक्रार या लपवाछपवीशी आहे.

रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या मैत्रिणींना या शब्दाचा आणखी एक अर्थ ठाऊक आहे. मशीन ॲडजस्ट करतात. आवाज यायला लागला की मेकॅनिक येतो, कुठला भाग कशावर घासतोय ते बघतो, एक नट सैल करतो, दुसरा आवळतो. ज्या भागाचा आवाज येतो त्यालाच हातोडी मारून गप्प करत नाही. तसं केलं तर त्याला कामावर कोण ठेवील? आणि घरात नेमकं तेच होतं. जिचा आवाज येतो, तिलाच म्हणतात, तू ॲडजस्ट कर.

लग्नाच्या जाहिराती आठवा. मुलगी कशी पाहिजे? मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, सर्वांशी जुळवून घेणारी. मुलगा कसा? निर्व्यसनी, सुस्थितीतला, पगार अमुक. मनमिळाऊ मुलगा पाहिजे अशी जाहिरात तुमच्यापैकी कितीजणींनी वाचली आहे? म्हणजे जुळवायला दोन बाजू लागतात हे ज्या भाषेनं आपल्याला शिकवलं, तिच्यातच एक बाजू लग्नाआधी सुटलेली असते.

दुसऱ्या ढिगातला ‘भागवणं’ हा शब्द घेऊ. तो स्वयंपाकघरातला शब्द आहे. पाहुणा अचानक आला, भाकरी कमी पडल्या, तर कोण भागवतं? “माझं काय, मी सकाळचं शिळं खाते, चहात बुडवून खारी खाते.” एखाद्या दिवशी ठीक आहे. पण रोजच? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. निम्म्याहून जास्त. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता, म्हणजे तो वाढला. रक्त कमी होण्याची कारणं अनेक असतात हे मला माहीत आहे. पण शेवटी जेवायचं आणि उरेल ते जेवायचं, या रिवाजाचा त्यात वाटा नाही असं कोण म्हणेल? दुष्काळात सगळं घर कळ काढतं. आपल्या दोन्ही तालुक्यांनी दुष्काळ पाहिले आहेत. पण पाऊस पडला, घोडला आणि भीमेला पाणी आलं, ऊस कारखान्याला गेला, पट्टी हातात आली, तरी बाईचं भागवणं संपत नसेल, तर ते भागवणं राहिलं नाही. ते सोसण्याच्या ढिगात गेलं.

वेळेचंही तसंच. सरकारनं २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, म्हणजे पावणेपाच तासांच्या वर. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८ मिनिटं. घरकामाला हातच न लावणारे पुरुष यात धरलेले नाहीत, ते धरले तर हिशेब आणखी बिघडेल. कंपनीत आठ तास उभं राहून आलेल्या बाईला ‘दोन्हीकडचं ॲडजस्ट करते हो’ अशी शाबासकी मिळते. शाबासकीनं पाय दुखायचे थांबत नाहीत.

आता तिसरा ढीग. इथं मला माझीच एक चूक सांगायची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीकाठच्या एका गावातली बाई बैठक संपल्यावर माझ्यासाठी थांबली. मजुरीचे पैसे हातात पडले की नवरा काढून घ्यायचा, दिले नाहीत तर हात टाकायचा. पोरं लहान होती. मला शेवटची एसटी पकडायची होती. मी तिला म्हणाले, “अगं, पोरं लहान आहेत, थोडं ॲडजस्ट कर. आपण त्याच्याशी बोलू.” बोलायचं राहून गेलं. सात-आठ महिन्यांनी ती पुन्हा दिसली, तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये होता. ती भांडली नाही. फक्त म्हणाली, “ताई, तुम्ही म्हणालात म्हणून ॲडजस्ट केलं. पण किती करायचं ते तुम्ही सांगितलं नव्हतं.”

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून मी हा शब्द कुठल्याही बाईला सल्ला म्हणून दिलेला नाही. तिनं सांगितलं ते खरं होतं. या शब्दाला माप नाही. ‘थोडी कळ काढ’ म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, कधीपर्यंत? ‘मार सोस’ म्हटलं असतं तर ती माझ्यावर चिडली असती आणि दुसऱ्या कुणाकडे गेली असती. मी असा शब्द वापरला की तिला चिडताही येईना.

म्हणून कायद्यात या गोष्टींना काय म्हणतात ते आपण पाठ करून ठेवायला हवं. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी छळ केला तर त्याला कायद्यात ‘क्रूरता’ म्हणतात. १९८३ साली ४९८ अ हे कलम आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तेच ८५ आणि ८६ या कलमांत आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ सालचा, तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात मारहाण येते, लैंगिक जबरदस्ती येते, शिव्याशाप आणि टोमणे येतात, आणि बाईच्या कमाईवर किंवा वस्तूंवर डल्ला मारणं, खर्चाला पैसे न देणं हेही येतं. त्याला ‘आर्थिक छळ’ असं नाव आहे. घर कुणाच्याही नावावर असो, बाईला त्या घरातून कायदा डावलून बाहेर काढता येत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तिला जाता येतं. माझ्या त्या मैत्रिणीच्या दुखण्याला कायद्यात दोन-दोन नावं होती. मी तिच्या हातावर एक गुळमुळीत शब्द ठेवला.

तिसऱ्या ढिगातला आणखी एक प्रकार, जमिनीचा. पुणे-नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, शिक्रापूरपासून शिरूरपर्यंत, जमिनीचे भाव कुठल्या कुठे गेले हे मी तुम्हाला सांगायला नको. जमीन विकायची ठरली की लग्न होऊन गेलेल्या बहिणीची आठवण येते. गाडी पाठवतात, जेवायला घालतात, साडी नेसवतात आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. बहीण कचरली तर आई डोळ्याला पदर लावते, “भावाशी कशाला वाकडेपणा? ॲडजस्ट कर, माहेर तुटंल.” आता कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रानं १९९४ सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीनं ती अट गेली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हिंदू कुटुंबातल्या मुलीचा हा हक्क जन्मानं येतो. दुरुस्ती आली त्या दिवशी वडील हयात होते की नाही, यावर तो अवलंबून नाही.

एखादी बहीण आपल्या मर्जीनं भावाला वाटा देत असेल तर तो तिचा प्रश्न. देण्याला ‘देणं’ म्हणा. ‘मी माझ्या वाट्याची वीस गुंठे जमीन भावाला दिली’ असं ताठ मानेनं म्हणता आलं पाहिजे. भावालाही ‘बहिणीनं मला दिली’ असं म्हणता आलं पाहिजे. ‘ॲडजस्ट केलं’ म्हटलं की देणारी गायब होते, घेणारा गायब होतो आणि जमीन सातबाऱ्यावरून आपोआप सरकल्यासारखी दिसते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं नवीन आहे, पूर्वीच्या बायका मुकाट नांदत होत्या. नांदणं! या शब्दाचा मूळ अर्थ किती सुंदर आहे. सुखानं, भरभराटीनं राहणं. घरात लक्ष्मी नांदते म्हणतो आपण. आणि बाईच्या बाबतीत त्याचं काय झालं? ‘नांदायला पाठवा’, ‘नांदवत नाही’, ‘नांदायला येण्याचा दावा’. रखमाबाईंवर असाच दावा झाला होता. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न लावलं होतं. मोठेपणी त्यांनी त्या नवऱ्याकडे जायला नकार दिला, तेव्हा १८८४ साली नवरा मुंबईच्या हायकोर्टात गेला. १८८५ साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला, पण पुढे प्रकरण फिरलं आणि १८८७ साली कोर्टानं सांगितलं, महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन नवऱ्यानं दावा सोडला, आणि रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. त्यांनाही ‘जुळवून घे’ सांगणारे काही थोडे नसतील. हा नांदण्याचा दावा संपला असं समजू नका. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नवव्या कलमात तो आजही आहे.

आणि आपल्या गाडीच्या वाटेवरचं केडगाव! पंडिता रमाबाईंनी तिथं मुक्ती सदन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार बायका-मुली आणल्या. ज्यांना जगानं ‘दिवस काढ’ सांगितलं होतं, त्या केडगावात शेती करत होत्या, विणत होत्या, छापखाना चालवत होत्या. रमाबाई संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पण बायबलचं भाषांतर करायला बसल्या तेव्हा साध्या बायांना कळेल अशी सोपी मराठी असावी, हा त्यांचा आग्रह होता. १९२२ साली केडगावातच त्या गेल्या, तोवर ते काम त्यांनी पुरं करत आणलं होतं. शब्द बाईला कळला पाहिजे, हे त्यांनी आयुष्याचं काम मानलं. केडगाव स्टेशनात डेमू थांबते तेव्हा मला त्यांची आठवण येते, आणि त्याच वेळी दारातून कुणीतरी म्हणतं, “ताई, जरा ॲडजस्ट करा.”

आता तुमच्या मनातला प्रश्न मला दिसतोय. ताई, कुणीच माघार घेतली नाही तर घर कसं चालायचं? बरोबर आहे. मी कुणालाच सरकू नका असं म्हणत नाही. आपल्याकडे यासाठी एक चांगला जुना शब्द आहे, सावड. आज पाचजणी मिळून माझ्या रानात कांदा लावू, उद्या तुझ्या रानात, परवा तिसरीच्या. कुणी वही ठेवत नाही, पण प्रत्येकीला माहीत असतं, कुणाचा दिवस राहिलाय. एखादी बाळंतीण असली तर तिचा दिवस बाकीच्या जणी भरून काढतात आणि तिचं रान पडीक राहत नाही. गटातही एखादीचा हप्ता अडला की आपण सांभाळून घेतो, पुढच्या महिन्यात ती भरते. याला म्हणतात जुळवून घेणं. त्यात प्रेम आहे आणि हिशेबही आहे. हिशेब असला म्हणून प्रेम आटत नाही, हे सावड करणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

म्हणून एवढंच करू या. यापुढे कुणी ‘ॲडजस्ट कर’ म्हटलं, मग ती सासू असो, साहेब असो, पोलीस पाटील असो नाहीतर माझ्यासारखी कार्यकर्ती असो, भांडायच्या आधी तीन प्रश्न विचारायचे. सरकायचं कुणी कुणी? किती? आणि स्टेशन कुठलं? तिन्हीची उत्तरं मिळाली तर आनंदानं सरकू, गाडीत सरकतो तशा. उत्तरं मिळाली नाहीत, तर त्या गोष्टीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारायची. मार असेल तर मार म्हणायचं. वाटा गिळला असेल तर वाटा गिळला म्हणायचं. उपास घडत असेल तर उपास म्हणायचं.

आणि एक काम तुम्हाला घरी देते. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून या यादीत आणखी एक शब्द आणायचा, आणि तो कुठल्या ढिगात बसतो ते सांगायचं. तो शब्द तिनं कधी, कुणाच्या तोंडून ऐकला, तेही विचारा. सांगता सांगता ती थांबली तर घाई करू नका. मी एकदा एसटीची घाई केली होती.